सर्जाचा वंश

शेंद्र्याच्या आबांकडे दोन सर्जा होऊन गेले. पहिला बैल, दुसरा कुत्रा.

बैल होता तेव्हा आबांची जमीन होती. २००१ साली स्कोडाचा कारखाना उभा राहिला, त्या वेळी ती रस्त्यापासून लांब म्हणून वाचली. पुढे ऑरिक या औद्योगिक शहराच्या भूसंपादनात गेली. जमीन गेल्यावर बैल कशासाठी ठेवायचे? विकले. मोबदल्याच्या पैशात कोणी स्कॉर्पिओ घेतली, कोणी लेकीचं लग्न उरकलं. आबांनी दुमजली घर बांधलं, धाकट्याला टेम्पो घेऊन दिला आणि स्वतःसाठी कारवान जातीचं एक पिल्लू आणलं. लांब पाय, निमुळतं तोंड, आत गेलेली कंबर, बिस्किटी रंग. बैलाचं नाव त्याला दिलं. रिकाम्या दावणीची हळहळ अशी नावावर निघते.

पिल्लू लसीला नेलं तेव्हाच डॉक्टरांनी मागच्या पायांमधून हात फिरवला आणि म्हणाले, “डावी गोटी उतरलीय, उजवी अजून वरच आहे. वाट बघू.” पिल्लू आईच्या पोटात असतं तेव्हा वृषण मूत्रपिंडाजवळ असतात. जन्मानंतर ते जांघेतून सरकत खाली येतात आणि दीड-दोन महिन्यांत दोन्ही पिशवीत हाताला लागायला हवेत. फार तर सहा महिने थांबतात. सर्जा सहा महिन्यांचा झाला तरी उजवी जागा रिकामीच होती.

“आता यायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “वर्षाचा झाला की दोन्ही काढून टाकू. पोटात राहिलेली म्हातारपणी दगा देते. आणि हा दोष पिल्लांत उतरतो, त्यामुळे याला लावू नका.”

“एक हाय ना? मग झालं की,” आबा म्हणाले आणि साखळी धरून बाहेर पडले.

गंमत बघा. ह्याच आबांनी उभ्या आयुष्यात एकही बैल खच्ची केल्याशिवाय जुवाखाली घातला नव्हता. दवाखान्याचा माणूस लोखंडी चिमटा घेऊन यायचा, चौघे जण गोऱ्हा पाडायचे, आबा स्वतः त्याच्या मानेवर गुडघा देऊन बसायचे आणि काम झालं की चहा मागवायचे. त्यात कधी कोणाची मर्दानगी आडवी आली नाही. बैल औताचा असतो. कुत्रा मात्र आबांचा होता, अंगणात बसायचा, आणि आल्यागेल्याने आधी त्याला बघून मग आबांना रामराम करायचा.

एका गोटीवर काम भागतं, हे आबांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पिशवी पोटाबाहेर लोंबते ती उगाच नाही; वीर्य तयार व्हायला शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. बाहेरची गोटी तिचं काम चोख करते. पोटातल्या उबेत अडकलेली बीज देत नाही, पण नराचा अंतःस्राव देत राहते. म्हणून असा कुत्रा वरून पुरा नर दिसतो, नरासारखा वागतो, पिल्लंही देतो. सर्जाने दिली. फुलंब्री, बदनापूर, अंबड, पैठण, कुठून कुठून लोक माद्या घेऊन यायचे. रिवाजाप्रमाणे पहिलं निवडून घेतलेलं पिल्लू आबांचं. ते विकलं की चार पैसे यायचे. कापड दुकानाची एक जुनी डायरी होती, तीत आबा मादीवाल्याचं नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवायचे. कधी इसार घेतला, कधी पिल्लू.

आठ वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही. नर पसंत करायला आलेला माणूस तोंड बघतो, छाती बघतो, पायांची उंची बघतो, पळवून बघतो. शेपटीखाली वाकून बघायची त्याला लाज वाटते आणि विचारायची त्याहून जास्त. आबांचा सगळा धंदा त्या लाजेवर चालला होता.

सर्जाला नववं लागलं आणि त्याच्या कुशीवरचे केस जाऊ लागले.

आधी दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा उघडी पडली, मग मांड्यांच्या मागून, मग पोटाखालून. कातडी काळपट झाली. आबांनी कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळ घातली, खोबरेल तेलात गंधक कालवून लावला. शेवटी पुतण्याच्या गॅरेजमधून डबाभर जळकं ऑइल आणलं आणि ब्रशने फासलं. हा इलाज आपल्याकडे सगळीकडे चालतो आणि तो फार वाईट आहे. कुत्रं अंग चाटतं आणि इंजिनातली घाण पोटात घेतं.

“मामा, ते चाटू राह्यलंय,” सून म्हणाली.

“खरूज हाय. मरंल खरूज.”

“खरूज आसंल तं खाजवत का नाही?”

प्रश्न बरोबर होता. खरूज झालेलं कुत्रं रात्रभर भिंतीला अंग घासतं, घरादाराला झोपू देत नाही. सर्जा निवांत पडून असायचा. शिवाय खरूज अशी मोजून-मापून येत नाही. डाव्या कुशीवर जेवढी जागा उघडी, तेवढीच उजव्या कुशीवर. दोन्हीकडे सारखे केस गेले आणि खाज नाही, की रोग कातडीचा नसतो. तो आत कुठेतरी असतो आणि कातडीवर फक्त दिसतो.

सून गावची आशाताई. पाळणा लांबवायच्या गोळ्या, बाळंतपणं, पांढरं जाणं, सगळं ती दारोदार जाऊन मोकळेपणी बोलायची. नसबंदीच्या शिबिरासाठी पुरुषांची नावं गोळा करताना मात्र तिची वही कोरी राहायची. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशात स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के निघालं आणि पुरुषांच्या ०.३ टक्के, कोणीतरी प्रशिक्षणात सांगितलेले हे आकडे तिला पाठ होते, कारण तिच्या गल्लीतही चित्र तेच होतं. सर्जाला पाणी ठेवताना तिला दिसलं की त्याच्या पोटावरची थानं व्यालेल्या कुत्रीसारखी सुजली आहेत आणि पिशवीतली एकुलती गोटी आकसून गेली आहे. तिने ते सासूला सांगितलं, सासूने आबांना.

“कुत्र्यालाबी थानं आसत्यात,” आबा म्हणाले. असतात, खरं आहे. सुजत नाहीत.

मग चैत्रात मांगीरबाबाची यात्रा आली. जालना रोडपासून देवळापर्यंत माणसांची रीघ, नवसाचे बोकड, टेम्पोच्या टेम्पो भरून आलेली कुटुंबं, चुलाणं, धूर. आबांच्या अंगणात पाहुण्यांच्या पंगती उठत होत्या. मटणाच्या वासावर गावातली भटकी कुत्री जमली होती ती एकाएकी हाडकं सोडून सर्जाभोवती गोळा झाली. सगळे नर. एक हुंगतोय, दुसरा गुरगुरतोय, तिसरा सरळ पाठीवर चढायला बघतोय. सर्जा शेपूट पायांत घालून उभा. त्याने प्रतिकारही केला नाही.

बदनापूरचा एक पाहुणा, ज्याच्याकडे सर्जाचंच पिल्लू वाढलेलं होतं, तो ताट हातात घेऊन म्हणाला, “आबा, नर हाय का मादी?”

पंगत हसली. आबाही हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी सर्जाला उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बांधलं, आणि यात्रा संपून पाहुणे गेले तरी तो तिथेच राहिला. वैशाखात पत्रा तापायचा. भाकरी वेळेवर जायची, पाणी जायचं. आबा स्वतः जायचे नाहीत. लोकांनी विचारलं की म्हणायचे, “म्हतारं झालं. आराम करू राह्यलंय.”

मृगाच्या आधी एकदा सर्जाच्या पंजात बाभळीचा काटा गेला. सुनेने तो काढला. बोटभर रक्त यावं आणि थांबावं, एवढीच जखम; पण तासाभराने ती पुन्हा गेली तर पोत्यावर थारोळं होतं आणि अजून गळत होतं. तिने ओठ वर करून हिरड्या बघितल्या. रक्त कमी असलेल्या गरोदर बायांच्या पापण्या ती रोज उलटून बघते. सर्जाच्या हिरड्या चुन्यासारख्या होत्या. पोटाच्या उघड्या कातडीवर बारीक लाल-जांभळे ठिपके उठले होते.

ती ओसरीवर येऊन उभी राहिली. “मामा, टेम्पो काढायला सांगा.”

“कुठं नेती त्याला? लोक काय म्हणतील, आबांच्या कुत्र्याला…” वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही.

“मेलं तं काय म्हणतील? बैलांच्या मानेवर गुडघा देऊन बसत व्हता, तवा नाही वाटली लाज. लाज तुम्हाला वाटू राह्यली, मामा, अन् रक्त त्याचं चाललंय.”

सासऱ्यासमोर एवढं बोलणं म्हणजे पुढचे दोन महिने घरात अबोला. पण टेम्पो निघाला. केंब्रिज चौकात सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागे सर्जाजवळ पोत्यावर आबाच बसलेले होते.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी केस बघितले, थानं बघितली, पिशवी चाचपली, आणि हात न काढताच विचारलं, “दुसरी कुठंय?”

आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

सोनोग्राफीत ती सापडली. पोटात, मूत्राशयाच्या जरा वर, मोसंबीएवढी. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या वृषणात प्रामुख्याने तीन तऱ्हांच्या गाठी होतात. पिशवीतल्या वृषणातही होतात, पण पोटात अडकलेल्यात होण्याचा धोका दहापटीहून जास्त. त्यातली एक सर्टोली पेशींची. एन्रिको सर्टोली नावाच्या इटालियन माणसाने १८६५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, या पेशींचं वर्णन केलं. पुढे तो मिलानला जनावरांच्याच वैद्यकशाळेत शिकवत होता. पेशी मुळात निरुपद्रवी, वाढत्या बीजाला सांभाळणाऱ्या. त्यांची गाठ झाली की पुष्कळदा ती मादीचा अंतःस्राव सोडू लागते. म्हणून केस जातात, थानं सुजतात, दुसरी गोटी आकसते आणि गल्लीतले नर मागे लागतात. त्यांच्या नाकाला जे आठवडाभरात कळतं, ते घरच्या माणसांना सहा महिने कळत नाही.

“मग काय, बाईमाणूस झालं का ते?” आबांनी अखेर विचारलं.

“आजारी झालंय, बाबा. केसांचं काही नाही, केस येतात. हाच अंतःस्राव हाडांतला मगज मारतो, जिथं रक्त तयार होतं. लाल पेशी कमी, रक्त गोठवणाऱ्या पेशी तर फारच कमी. गाठ काढायलाच पाहिजे. पण या रक्तावर मी पोट उघडलं, तर टाके घालेपर्यंत राहणार नाही. आधी रक्त द्यावं लागेल. एखादा तरुण, धडधाकट कुत्रा बघा, पंचवीस किलोच्या वरचा, लस झालेला.”

पंचवीस किलोच्या वरचा तरुण कुत्रा कोणाकडे आहे, हे आबांना डायरी न उघडताही माहीत होतं. फोन लावायला त्यांना अर्धा तास लागला. यात्रेतल्या पंगतीत बोलला होता, तोच बदनापूरचा. तो “बरं” एवढंच म्हणाला आणि पिकअपमध्ये कुत्रा घालून तासाभरात हजर झाला. चेष्टा करणारी माणसं पुष्कळदा वेळेला उभी राहतात. गोड बोलणाऱ्यांचे फोन लागत नाहीत.

सर्जाचा लेक सर्जासारखाच होता, तेच पाय, तीच छाती. काचेच्या पट्टीवर दोघांच्या रक्ताचे थेंब एकत्र करून मॅडमनी ते जुळतंय का ते बघितलं. कुत्र्याला पहिल्या वेळी परक्या कुत्र्याचं रक्त सहसा सोसतं. तरी बघावं लागतं. मग वजन, ताप, छाती. आणि सवयीने त्यांचा हात मागे गेला.

“याचीही एकच आहे,” त्या म्हणाल्या. “उजवी नाही.”

बदनापूरकराला कळायला वेळ लागला. तो एकदा मॅडमकडे, एकदा टेबलावरच्या सर्जाकडे बघत राहिला. मग आबांकडे वळला.

“तुम्हाला ठाव व्हतं?”

सून दाराशी उभी होती. आबांना ‘नाही’ म्हणता आलं असतं, आणि त्यावर कोणी पुढे काही विचारलंही नसतं.

“व्हतं,” आबा म्हणाले. “सहा म्हयन्याचा व्हता तवापासून.”

कोणी काही बोललं नाही. बदनापूरकराने कुत्र्याची साखळी दोनदा हाताला गुंडाळली आणि सोडली. “घ्या मॅडम रक्त,” तो म्हणाला, “ह्याच्या बापाची काय चूक.” आबांकडे मात्र त्याने पुन्हा बघितलं नाही. लेकाच्या मानेच्या शिरेतून पिशवी भरत होती, तेवढा वेळ आबा त्याचं डोकं धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पोटातली गाठ काढली, बाहेरची आकसलेली गोटीही काढली. मगज पुन्हा कामाला लागेल की नाही, हे त्या दिवशी कोणी सांगू शकत नव्हतं. बऱ्याच कुत्र्यांचा लागत नाही, गाठ निघाली तरी ती जातात. सर्जाचं नशीब चांगलं. श्रावणात हिरड्यांवर लाली आली, दिवाळीपर्यंत कुशीवर मऊ केस उगवले. तो अंगणात परत आला आणि गल्लीतल्या नरांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

टाके काढायच्या दिवशी मॅडमनी सुनेला सांगितलं होतं, गावात कोणाकडे म्हातारा नर असेल तर महिन्यातून एकदा हात लावून बघायला सांगा: दोन्ही आहेत का, सारख्या आहेत का, एखादी अचानक मोठी किंवा दगडासारखी घट्ट झाली का. शी करताना कुंथत असेल, लघवीच्या जागेतून रक्ताचा थेंब पडत असेल, तर प्रोस्टेट वाढलेली असू शकते. खच्ची न केलेल्या बहुतेक नरांची उतारवयात ती वाढते. “आपोआप प्रोस्टेट वाढणारी जनावरं फार थोडी. एक कुत्रा, दुसरा माणूस.” आबांनी खुर्चीत जागा बदलली. रात्रीतून ते किती वेळा उठतात, हे सुनेला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तिने तेव्हा काही म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात टेम्पो पुन्हा दवाखान्याला गेला, माणसांच्या.

कार्तिकात आबांनी डायरी काढली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण फोनवर माणूस ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतो. धाकट्याचा टेम्पो रिकामा परत येणार असेल त्या गावाला ते जायचे. फुलंब्रीच्या माणसाने दारातूनच परत लावलं. अंबडला एकाने पिल्लाचे पैसे परत मागितले आणि आबांनी ते तिथेच मोजून दिले. पैठणला कळलं की तिथला कुत्रा गेल्या वर्षीच गेला होता, खरजेने.

“जळकं ऑइल लावलं व्हतं का?” आबांनी विचारलं.

“लावलं व्हतं. तुम्हीच सांगितलं व्हतं.”

त्या दिवशी ते वाटेत कुठे चहालाही थांबले नाहीत.

करमाडच्या बाजारात त्यांना डायरीतला एक पोरगा भेटला. भाजीच्या गाड्यापाशी उभा होता आणि योगायोगाने कुत्राही बरोबर होता, सर्जाचाच, तीन-चार वर्षांचा. आबांनी नेहमीसारखं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पोरगा इकडेतिकडे बघू लागला.

“आबा, हळू. बायामाणसं हायत.”

“आसू दे. त्यांच्या घरीबी कुत्रे हायत.” आबा गुडघ्यावर हात टेकवत खाली बसले, कुत्र्याला पुढून धरायला सांगितलं आणि मागून हात घातला. मेथीची जुडी घेणारी एक बाई थांबून बघत होती.

“दोन्ही हायत,” आबा म्हणाले. “सारख्या हायत. मऊ हायत.”

पोराच्या जिवात जीव आला. “मग लावायला हरकत नाही ना? परवाच एक जण येऊन गेला, मादी लावायची म्हणून.”

“नाही लावायचा.”

“आता दोन्ही हायत म्हणालात की!”

“ह्याच्या हायत. ह्याच्या पिल्लांच्या आसतील का, ते मॅडमला बी सांगता येत नाही. दोष आतून चालत राहतो, वरून दिसत नाही. बाप सर्जा हाय ह्याचा.”

“इसार घेतलाय हो आबा.”

“म्या बी घेतले व्हते,” आबा उठत म्हणाले. “कोणाचा घेतलाय? चल, टेम्पो उभाच हाय.”